घोरपडीचं पोट

सिदू अंगणात आडवा झाला, गाल जमिनीला टेकवला आणि गाडीच्या पोटाखाली मूठ सरकवली. मूठ आत गेली. मग त्यानं मुठीवर अंगठा उभा केला, तर नख पत्र्याला लागलं. एक मूठ आणि एक अंगठा, त्याहून कणभर कमीच. तो तसाच पडून राहिला आणि तेलगावपासून करंजखोरीपर्यंतचा रस्ता आठवू लागला. मूठ आणि अंगठ्याहून उंच असं त्या रस्त्यावर काय काय आहे, हे मोजता मोजता त्याची बोटं संपली.

"आरं सिदू, दंडवत घालाय देऊळ घावंना का तुला?" कुंपणापलीकडून जाणारा एक जण म्हणाला.

सिदू उठला, कपडे झटकले आणि पुन्हा वाकून पाहिलं. गाडी होती तेवढीच खाली होती.

लाल रंगाची, दोनच माणसांची ही गाडी अमरसिंह अण्णांनी पुण्याच्या एका बिल्डरकडून जुनी घेतली होती. ती आली ट्रकच्या पाठीवर. उतरवली तेव्हा अर्धं तेलगाव बघायला जमलं होतं. चारी पाय पसरून जमिनीला चिकटलेलं ते धूड बघून कुणीतरी 'घोरपड' म्हणालं आणि नाव पडलं. अण्णांच्या तोंडावर मात्र कुणी तसं म्हणत नसे. अण्णांची जमीन तेलगावच्या दोन्ही अंगांना होती. जिल्हा परिषदेला ते एकदा निवडून आले होते, एकदा पडले होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायची कुणाची छाती झाली नव्हती.

घोरपडीनं ती वेळ आणली. पहिल्याच आठवड्यात अण्णा स्वतः गाडी घेऊन बाजारातून निघाले आणि जनावरांच्या दवाखान्यापुढच्या ब्रेकरवर अडकले. गाडी मधोमध टेकली, पुढची चाकं हवेत, मागची नुसतीच फिरताहेत. शेवटी बाजारातल्या माणसांनी हात लावून ती उचलून पलीकडे ठेवली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि त्याला लग्नातल्या बँडची चाल लावली. तेव्हापासून घोरपड कापडाखाली होती.

ती बाहेर काढली ती अण्णांच्या आईनं, छबुबाईंनी.

"घरात चाक आलं की पहिल्यांदा मेसाईला जातं," छबुबाई म्हणाल्या होत्या. मेसाई म्हणजे त्यांच्या माहेरची, धारूरच्या डोंगरातल्या करंजखोरीची देवी. "ट्रॅक्टर गेला, जीप गेली, जेसीबी सुदिक गेला. हिलाच काय सोनं लागलंय?"

"आई, ती काय नवी हाय का? जुनी घेतलीय."

"आपल्याला नवीच की. सून दुसरेपणावर केली तरी माप ओलांडतीच का न्हाई?"

"बरं, ट्रकवर घालून नेऊ."

"मढं हाय का ते, ट्रकवर न्यायला? देवाला चाकानं जायचं असतंय."

अण्णांनी दोन दिवस चालढकल केली. छबुबाईंनी रात्रीचं जेवण बंद केलं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी सिदूला बोलावलं. स्वतः ते जाणार नव्हते. अजून एक व्हिडिओ त्यांना परवडणारा नव्हता.

"आईला करंजखोरीला घिऊन जा. नारळ फोडा आन परत या," ते म्हणाले. मग आवाज न चढवता पुढचं सांगितलं. "पोटाला वरखडा आला सिदू, तर त्या खोलीत दुसऱ्याला ठिवीन मी. तुला ठाव हाय मी बोलतो ते करतो."

सिदूला ठाऊक होतं. 'ती खोली' म्हणजे अण्णांच्या मळ्यातली, मोटरीच्या शेडला लागून असलेली पत्र्याची खोली. बायको बबिता आणि दोन पोरींसह तो तिथं राहत होता. थोरली पोर तिथंच रांगायला शिकली होती. त्या खोलीशिवाय जगाच्या पाठीवर सिदूचं म्हणावं असं छप्पर नव्हतं.

सिदू जन्माचा भित्रा. घर धनगराचं, धारूरच्या वरच्या अंगाला. बाप मेंढरं घेऊन सहा सहा महिने बाहेर असे. लहानपणी सिदू लांडग्याला भ्यायचा, विहिरीला भ्यायचा, आभाळ गडगडलं तर मेंढरांच्या मधे जाऊन बसायचा. बापानं मेंढरं विकली तेव्हा तो मेंढरंच वाहणाऱ्या एका टेम्पोवर लागला आणि तिथं गाडी शिकला. भीती तिथं कामाला आली. भरल्या टेम्पोत जोरात ब्रेक मारला की मेंढरं एकमेकांवर कोसळतात, खालचं गुदमरतं. सिदूच्या टेम्पोतली मेंढरं बाजारात उभीच्या उभी उतरत. हे अण्णांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्याला जीपवर घेतलं. पाहुण्यांपुढे ते कौतुकानं सांगत, "भितोय म्हणून तर ठिवलाय त्याला. बिनभित्या डायव्हर एक दिवस मारतोच."

निघायच्या सकाळी बबितानं त्याला चहा दिला. त्यानं अर्धा प्याला आणि कप खाली ठेवला.

"हळू जा म्हणायची तर सोयच न्हाई तुमाला," ती म्हणाली.

तो पायात चपला घालू लागला.

"पोरींच्या शाळा हितं हायत. एवढं ध्यानात ठिवा."

"ते ध्यानात हाय म्हणून तर चहा उतरंना," सिदू म्हणाला.

त्यानं बाभळीच्या जाड फळीचे चार तुकडे करून घेतले होते. चाकाखाली घालून खड्डा पार करायला. ते ठेवायला त्यानं गाडीचं पुढचं झाकण उघडलं, कारण या गाडीत सामान पुढे आणि इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे होतं.

"उलटंच हाय सगळं," नारळाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या छबुबाई म्हणाल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, काटक बाई. नऊवारीचा काष्टा अजून स्वतःच्या हातानं घट्ट घालणारी. त्यांनी दारातून आत पाहिलं. "बस म्हणतूस का पड म्हणतूस?"

"पाठ करा मोठ्या बाई, आन सोडून द्या अंग. मी धरतो."

त्यांनी अंग सोडलं. गुडघे छातीशी आले आणि डोक्यावरचा पदर छताला लागला. सिदूनं पट्टा ओढून त्यांना बांधलं. बकल लुगड्याच्या निऱ्यांत कुठंतरी जाऊन बसलं.

"झोळीत टाकलेल्या पोरावानी झालं की रे," त्या म्हणाल्या. त्यांना मजा वाटत होती. सिदूनं पुन्हा एकदा वाकून गाडीखाली पाहिलं.

ब्रेकर घालायचं काम त्या रस्त्यावर सरकार करतं त्याहून गावंच जास्त करतात. एखाद्या गावात कुणी मोटरसायकलखाली आलं की तेराव्याच्या आत गाव मुरूम, खडी आणि उरलंसुरलं सिमेंट घालून रस्त्यावर आडवा बांध घालतं. दुःख जेवढं मोठं तेवढा ब्रेकर उंच. जीपमधून जाताना सिदूला ते नुसते धक्के वाटत. आज प्रत्येक ब्रेकर त्याला लांबूनच दिसू लागला, आणि दिसल्यापासून चाक तिथं पोचेपर्यंत तो श्वास रोखून धरत होता.

पद्धत त्यानं मनाशी बसवली होती. ब्रेकरवर सरळ जायचं नाही. गाडी तिरकी करायची, एक चाक चढवायचं, ते उतरायच्या आत दुसरं, असं एकेक चाक मोजून टाकायचं. कुंपण ओलांडताना म्हैस टाकते तसं. पण गाडी तिरकी झाली की सगळा रस्ता अडतो. पहिल्याच गावात मागं दोन उसाचे ट्रॅक्टर आणि एक एसटी उभी राहिली, आणि तिघांनीही हॉर्नवरचा हात काढला नाही. कडेच्या चहाच्या हॉटेलातून माणसं बाहेर आली.

"आडवी कावून लावली रं? म्हसोबाला उतरलास का?"

"घोरपड गडाच्या भिंतीवर चढती म्हणत्यात, आन हिला ब्रेकर चढंना व्हय!"

"हॉटेलवाल्या पंडितला बोलवा, ढकलाय येईल."

एक चाक वर, तीन खाली. खाली कुठंतरी बारीक खर्र झाल्यासारखं वाटलं आणि सिदूचा पाय क्लचवरून सुटला. गाडी बंद पडली. बाहेर हशा पिकला.

छबुबाईंनी काच खाली केली. त्यांचं तोंड बाहेरच्यांच्या गुडघ्याच्या उंचीवर होतं. "पंडित हाय का रं तिथं? ये की जरा खाली, मला तुझं तोंड दिसंना. लेकीच्या लग्नात माझ्याकडं पैशाला आलतास तवा बरं खाली बघून बोलत हुतास."

हॉटेलाच्या दारात हसत उभा असलेला जाड माणूस आत गेला. हशाही विरला. सिदूनं गाडी चालू केली, चारी चाकं एकेक करून ब्रेकरवरून उतरवली, पुढे जाऊन कडेला लावली आणि रस्त्यावर पोटावर झोपून खालून पत्रा चाचपून पाहिला. ओरखडा नव्हता. हाताला वाळू लागली एवढंच.

"किती ठिकाणी झोपणार हाईस असा?" छबुबाईंनी विचारलं.

"जितकी गावं हायत तितक्या ठिकाणी, मोठ्या बाई."

आणि तो खरोखरच तितक्या ठिकाणी झोपला.

धारूरच्या घाटात भीतीची जात बदलली. तिथं ब्रेकर नव्हते, पण वळणं होती आणि वळणावरून खाली येणाऱ्या उसाच्या जोडट्रॉल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्याला बसल्या जागेवरून ही गाडी दिसतच नव्हती. सिदूच्या डोळ्यांच्या रेषेत ट्रॉलीच्या चाकाचे नटबोल्ट येत. त्यानं हॉर्न वाजवला. तो शहरातला, सभ्य, बारीक हॉर्न ट्रॅक्टरवरच्या गाण्यात बुडून गेला. एका वळणावर समोरची ट्रॉली इतकी आत आली की बाहेर लोंबणारा ऊस छतावरून सरसरत गेला. सिदूनं डाव्या बाजूला पाहिलं. दरीकडचा कठडा तिथं तुटलेला होता. त्यानं डोळे मिटले नाहीत. पण नंतर बबिताला सांगताना त्याला त्या क्षणाचं काहीच आठवलं नाही.

ट्रॉली गेली आणि गाडीच्या खालून खरडल्याचा आवाज सुरू झाला. लांबलचक, थांबायचं नाव न घेणारा.

सिदूनं गाडी थांबवली. दार उघडायला त्याला दोनदा प्रयत्न करावे लागले. खाली झोपून त्यानं मोबाइलचा उजेड टाकला. ट्रॉलीतून पडलेलं उसाचं टिपरू पुढच्या बाजूला अडकून फरफटत आलं होतं. त्यानं ते ओढून काढलं, पत्र्यावरून हात फिरवला, बाहीनं पुसलं, पुन्हा फिरवला. मग तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

"काय झालं? रडतूस का काय?"

"न्हाई. ऊस हुता."

"आण हिकडं." छबुबाईंनी टिपरू हातात घेऊन फिरवून पाहिलं. "दात असते तर खाल्लं असतं. ऊस ग्वाड दिसतूय."

घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढून गाडी वर आली तेव्हा पाठीमागचं इंजिन तापून घुमत होतं. पाठीला ऊब लागत होती. मार्गशीर्षातली सकाळ, हवा गार, छबुबाई म्हणाल्या, "शेकोटीपुढं बसल्यावानी वाटतंय." सिदूला त्या उबेचं काही वाटलं नाही. गाडीच्या पोटावर ओरखडा उठू नये, एवढ्याच एका गोष्टीवर त्याचा सगळा जीव गोळा झाला होता.

धारूर मागं टाकून करंजखोरीचा फाटा लागला आणि डांबर संपलं. संपलं म्हणजे एकेकाळी होतं याच्या खुणा उरल्या होत्या. मधे मधे डांबराचे पोपडे, आणि त्यांच्यामधून वर आलेले मुठीएवढे, मुठीहून मोठे दगड. सिदूनं छबुबाईंना खाली उतरवलं. गाडी तेवढीच दोन बोटं वर येईल, असा त्याचा हिशेब. मग तो पुढे जाऊन दगड उचलून बाजूला टाकी, फळ्या मांडी, परत येऊन गाडी फळ्यांवर घेई, उतरून मागच्या फळ्या पुढे नेई. छबुबाई नारळाची पिशवी गाडीत ठेवून पुढे चालत होत्या आणि अधूनमधून थांबून गाडीची वाट बघत होत्या.

"मी लगीन हून ह्याच रस्त्यानं गेलते," त्या म्हणाल्या. "बैलगाडीत. घंटाभरात खाली उतरलो हुतो. तुझी मोटार लई गुणाची हाय सिदू, म्हाताऱ्या माणसाला दम खाऊ देती."

सिदूनं पुढची फळी उचलली. फळी मांडताना बोट चेंगरलं, नख काळं पडलं, ते त्याला संध्याकाळी कळलं. एका ठिकाणी फळी सरकली आणि गाडी एका अंगाला खचली. पोट आणि दगड यांच्यात त्याला फक्त उजेडाची रेघ दिसली. त्या रेघेकडे बघत तो बराच वेळ गुडघ्यावर बसून राहिला. मळ्यातल्या खोलीचं दार, दारापुढचा बबितानं सारवलेला तुकडा, दोरीवर वाळणारे पोरींचे शाळेचे ड्रेस, सगळं त्याला त्या रेघेत दिसलं. मग त्यानं जॅक लावला.

वस्ती दिसायला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. वस्तीच्या अलीकडे चढावर थोडा रस्ता अजून धड होता, काळा, सपाट. आणि त्या सपाट तुकड्यावर वस्तीवरच्या बजरंगनं हुलगा, म्हणजे कुळीथ, पसरला होता.

त्या भागात हे कुणाला नवं नाही. डोंगराच्या हलक्या रानात हुलगा पेरायचा, काढून वाळवायचा आणि डांबरावर पसरायचा. दोन पोत्यांसाठी मळणीयंत्र येत नाही, आणि बैल आता कुणाकडे उरले नाहीत. येणारीजाणारी वाहनं वरून जातात, शेंगा फुटतात, दाणा खाली राहतो. पसरलेल्या पिकाला वळसा घालून जाणारा माणूस तिकडे आखडू समजला जातो. जाणते डायव्हर एकदा जातात, मागे येतात, पुन्हा जातात. सिदूनं जीप घेऊन कितीकांचं खळं असं केलं होतं.

बजरंग कडेला काठी घेऊन उभा होता, त्याची बायको दगडाबाई दाताळ्यानं काड सारखं करत होती. लाल गाडी बघून दोघं थबकले. मग बजरंगनं चालत येणाऱ्या छबुबाईंना ओळखलं.

"आक्का! आन चालत? गाडी कुणाची मग?"

"माझ्या पोराची. मेसाईला आणलीय. बसाय लावलं तर परातीत बसल्यावानी वाटतंय म्हणून चालते." छबुबाईंनी हुलग्याकडे पाहिलं. "चांगला आलाय की रं. सिदू, मला बसव आत. माहेरात चालत शिरले तर लोक काय म्हणतील? आन घाल ह्याच्यावरून. नव्या चाकाला दाणा लागू दे."

सिदूनं त्यांना बसवलं, पट्टा बांधला आणि समोर पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पुढचा रस्ता मऊ होता. गुडघाभर उंच, वाळलेलं, पिवळट तांबूस काड, आणि त्याखाली सपाट डांबर. दगड नाही, ब्रेकर नाही. काडानं पत्र्याला काय होतंय? सबंध दिवसात एवढ्या एकाच गोष्टीची सिदूला भीती वाटली नाही.

त्यानं गाडी आत घातली. काड पोटाला घासत सरसर वाजत राहिलं. त्या आवाजानं त्याला बरं वाटलं. दाटीनं चालणाऱ्या मेंढरांची अंगं एकमेकांना घासतात तेव्हा असाच आवाज होतो. तो पलीकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला.

"आजून येकदा!" बजरंग हात वर करून ओरडला. "लई खाली हाय, चांगलं मळतंय!"

सिदूनं पुन्हा गाडी वळवली. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू होतं.

"दगडाबाई हुलगं भाजती वाटतं," छबुबाई म्हणाल्या. "काय वास सुटलाय."

सिदूलाही वास आला. खमंग. मग खमंग राहिला नाही. त्यानं आरशात पाहिलं. मागची काच पांढरी झाली होती.

"आगं बया! पेटली! खालनं पेटली!" दगडाबाईचं ओरडणं आलं.

काडातून बाहेर पडायला सिदूनं गाडी जोरात पुढे काढली. पण काड गाडीच्या पोटात, तापलेल्या नळ्यांत गच्च बसलेलं होतं. ते गाडीबरोबरच निघालं आणि आग बरोबर घेऊन निघालं. उघड्या डांबरावर येऊन गाडी थांबली तेव्हा मागच्या चाकांच्या आतून जाळ बाहेर येत होता.

सिदूनं दार उघडलं आणि तो पळाला. रस्ता ओलांडून बांधावरच्या बाभळीपर्यंत पळाला.

"सिदू! आरं मला उठता येईना!"

तो वळला. खाली, जमिनीलगत, काचेआड छबुबाईंचं तोंड दिसत होतं. घाबरलेलं तोंड. सबंध दिवसात त्या एकदाही घाबरल्या नव्हत्या. सिदू परत धावला.

दार उघडलं तसा धूर तोंडावर आला. त्यानं काखेत हात घालून त्यांना ओढलं. त्या हलल्या नाहीत. पट्टा. बकल निऱ्यांच्या खाली कुठंतरी होतं आणि ते सकाळी त्यानंच तिथं बसवलं होतं. त्याची बोटं लुगड्यात शोधत राहिली; पदर, घडी, पुन्हा घडी, कनवटीची गाठ, पुन्हा घडी. पाठीमागच्या काचेला तडा गेल्याचा आवाज झाला. त्या म्हणत होत्या, "सोड रं, पळ तू," आणि दोन्ही हातांनी त्याची गच्च धरलेली मान सोडत नव्हत्या. बजरंगनं कडेच्या पाण्याच्या पिपात बुडवलेली घोंगडी मागच्या बाजूवर टाकली. वाफ उठली आणि क्षणभर जाळ दबला. सिदूच्या बोटाला बकल लागलं. पट्टा सुटला. चिखलात रुतलेलं मेंढरू काढतात तसा एक हात छातीखाली आणि एक मांडीखाली घालून त्यानं त्यांना उचललं आणि दोघं मिळून रस्त्यावर पडले. दगडाबाईनं त्यांना पायाला धरून आणखी लांब ओढलं.

घोंगडी पेटली. मग गाडी पेटली, ती थांबली नाही. वस्तीतली माणसं कळशा घेऊन धावत आली. थोडं पाणी गाडीवर गेलं, जास्त हुलग्यावर, कारण आग तिकडेही परतली होती. आत कुठंतरी फट्‌ असा आवाज झाला.

"नारळ फुटला," छबुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. कुणी हसलं नाही.

वस्तीतून फोन गेला आणि अमरसिंह अण्णा जीप घेऊन आले तोवर लाल रंग कुठेच उरला नव्हता. अख्खी करंजखोरी रस्त्यावर उभी होती. अण्णा आधी आईकडे गेले, तिचे हात उलटेसुलटे करून बघितले, पाय बघितले. मग गाडीभोवती एक फेरी मारली. सिदू बाभळीखाली उभा होता.

"ह्याच्यावर कुणी घातली गाडी?" अण्णांनी विचारलं.

"मीच म्हणलं घाल," छबुबाई म्हणाल्या.

अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आईवर राग काढायची त्या घरात रीत नव्हती, आणि राग तर आलेला होता. त्यांनी जळक्या काडाकडे पाहिलं, मग बजरंगकडे. मग ते सिदूजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते कधीच कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत.

"ह्या माणसानं रस्ता आडवला हुता," अण्णा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तू न्हाई म्हणलास. ह्यानं जबरदस्तीनं घालाय लावली. आसंच झालं ना, सिदू? चौकीत येवढं सांग, आन जीप घिऊन घरी जा. बबिता वाट बघत आसंल."

खोली परत मिळाली होती. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. बजरंग हातातली काठी घट्ट धरून सिदूच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

सिदूनं तोंड उघडलं. "न्हाई आण्णा," तो म्हणाला. "मीच घातली. दगडापरीस मऊ वाटलं मला."

करंजखोरीत हे आता रंगवून सांगतात. सिदू कसा छाती काढून उभा राहिला, अण्णांच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला. सिदूचं म्हणणं तसं नाही. खोटं बोलायला डोकं जागेवर लागतं, आणि त्या वेळी त्याचं डोकं जागेवर नव्हतं, असं तो सांगतो. काय विचारलं ते कानावर आलं आणि काय झालं होतं ते तोंडातून गेलं. 'व्हय' म्हणायचं होतं हे त्याला अण्णांचा हात खांद्यावरून उचलला गेला तेव्हा कळलं.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी आईला जीपमध्ये बसवलं. "सिदूला घे की," छबुबाई आतून म्हणाल्या. जीप निघून गेली.

बजरंगनं त्याला मोटरसायकलवरून तेलगावला सोडलं. मळ्याच्या फाटकाशी गाडी थांबवून बजरंग म्हणाला, "माझा हुलगा गेला."

"व्हय."

"पुढच्या साली काठीनं बडवीन. येवढासा तर हाय." मग त्यानं गाडी वळवली.

बबितानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "आन मोठ्या बाईंला काय झालं न्हाई ना?" संध्याकाळी मळ्यावरचा गडी निरोप घेऊन आला: नवा डायव्हर येणार आहे, उद्या खोली मोकळी करा. निरोप सांगताना तो सिदूकडे न बघता मोटरीच्या शेडकडे बघत होता. बबिता 'बरं' म्हणाली आणि फळीवरची भांडी काढायला लागली.

सकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला तेव्हा गाठोडी बांधून दाराबाहेर ठेवलेली होती, पोरी दप्तरं पाठीला लावून उभ्या होत्या, आणि सिदू गादीच्या वळकटीवर डोकं ठेवून झोपला होता. आठवडाभर त्याला झोप नव्हती. बबितानं दोनदा हलवलं तेव्हा तो उठला. समोर टेम्पो बघून दचकला.

"चालवणार कोण?"

"माझा भाऊ," बबिता म्हणाली.

सिदू मागच्या बाजूनं चढला, भांड्यांच्या पोत्याला टेकून बसला आणि टेम्पो निघायच्या आत पुन्हा झोपला.